तमाशापटांची सहीची भित्तिपत्रके : संग्रह आणि भाषिक पुरावा

मराठी चित्रपटाच्या इतिहासाची साधने म्हणून आजवर प्रामुख्याने पटकथा, समीक्षणे, आत्मचरित्रे आणि स्वतः चित्रफिती यांचाच विचार झाला आहे. चित्रपटगृहाच्या दारावर किंवा गावच्या चावडीच्या भिंतीवर खळीने चिकटविला जाणारा छापील कागद हा त्या साधनांत क्वचितच गणला जातो. तो कागद जाहिरातीचा होता. खेळ उठला की त्याचे काम संपे, आणि त्यावर दुसरा कागद चढे. परंतु नेमक्या याच अल्पायुषी कागदावर भाषेच्या अभ्यासकाला पाहिजे असलेली पुष्कळ सामग्री सापडते. व्यक्तिनामे कशी घडतात, लोककलेची भाषा नागर मुद्रणात शिरताना काय टाकते व काय राखते, लेखननियम बदलले तेव्हा गल्लीतल्या छापखान्याने ते कितपत मानले, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांपेक्षा येथे अधिक निर्भेळपणे मिळतात. त्यातही ज्या प्रतीवर कलावंताची किंवा चित्रकाराची सही असते, ती प्रत दुहेरी पुराव्याची ठरते. एक भाषा यंत्राची, दुसरी हाताची. दुर्दैवाने सही असली की कागदाची किंमत वाढते आणि किंमत वाढली की सही खोटी होऊ लागते. म्हणून अशा प्रतींचा संग्रह कसा करावा व त्यांची पारख कशी करावी, हा केवळ हौशी संग्राहकांचा प्रश्न राहत नाही.

प्रस्तुत विवेचन तमाशाच्या जीवनावर आधारलेल्या चित्रपटांपुरते, म्हणजे ज्यांना सामान्यतः 'तमाशापट' म्हटले जाते त्यांच्यापुरते, आणि त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या फडांच्या हस्तपत्रकांपुरते मर्यादित आहे. १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी', १९५९ चा 'सांगत्ये ऐका', १९६१ चा 'वैजयंता', १९६४ चा 'सवाल माझा ऐका', १९६५ चा 'केला इशारा जाता जाता', १९७२ चा 'पिंजरा' हे या परंपरेतील ठळक टप्पे होत. 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. या एकाच गोष्टीवरून त्या काळी या चित्रपटांचे किती कागद छापले गेले असतील याची कल्पना येते, आणि आज त्यांतले किती थोडे हाती लागतात हे पाहिले म्हणजे नाशाचेही प्रमाण कळते.

या विषयाची भूमी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस आहे. पुणे–नाशिक महामार्गावर मंचर ओलांडल्यावर आंबेगाव तालुक्यातील कळंब लागते आणि पुढे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नव्हे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड येथला. त्यांच्याच घराण्यातील विठाबाई (१९३५–२००२) पुढे तमाशासम्राज्ञी म्हणून महाराष्ट्रभर गाजल्या. यात्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी तेथे येतात, सौदा ठरतो, सुपारी दिली जाते. राहुटीबाहेर फडाचा फलक असतो आणि आत हस्तपत्रकांचे गठ्ठे. सुपारी घेऊन परतणारा कारभारी आपल्याबरोबर तो कागदही नेतो. अशा रीतीने कळंबसारखे महामार्गावरचे गाव दोन्ही प्रकारच्या कागदांच्या वाटेवर येते. पुण्या-मुंबईच्या वितरकांकडून तालुक्याच्या चित्रपटगृहांसाठी आणि यात्रेतल्या तंबूतील फिरत्या सिनेमांसाठी जाणारे रंगीत भित्तिपत्रक एका दिशेने, आणि नारायणगावाहून निघणारे फडाचे हस्तपत्रक दुसऱ्या दिशेने. एकाच यात्रेत खरा तमाशा आणि तमाशाचा चित्रपट शेजारी शेजारी चालावेत, ही स्थिती इतर थोड्याच लोककलांच्या वाट्यास आली असेल.

तिच्याशी तुलना करण्याजोगे एक उदाहरण मात्र दूरच्या अमेरिकेत आहे, आणि ते संग्रहाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात १९७३ च्या सुमारास कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन वस्त्यांतील तरुणांच्या मेळाव्यांतून 'हिप-हॉप' नावाची संस्कृती उदयास आली. तबकड्यांचे वादन, लयबद्ध पद्यात केलेली शाब्दिक चढाओढ, अंगविक्षेपयुक्त नृत्य आणि भिंतींवरील नामलेखन ही तिची अंगे. सवाल-जवाब, ढोलकी, नृत्य आणि फडाचा फलक यांची ज्याला ओळख आहे त्याला या यादीत फार नवल वाटणार नाही. या मेळाव्यांची हस्तपत्रके हाताने रेखाटून छायाप्रतींनी काढली जात. बडी एस्क्वायर या नावाने काम करणारा तरुण त्यांचा सर्वांत ख्यातनाम रेखाटनकार. १९८३ मध्ये चार्ली अहर्न यांनी याच मंडळींना घेऊन 'वाइल्ड स्टाइल' हा चित्रपट केला, आणि त्याच्या भित्तिपत्रकासाठीही भिंतीवर रंगविलेली नामाक्षरेच योजिली गेली. त्या काळात कवडीमोल असलेले हे कागद आज संग्राहक शोधीत असतात. कॉर्नेल विद्यापीठाने २००७ मध्ये त्यांचा स्वतंत्र संग्रहच स्थापन केला. एका महत्त्वाच्या विद्यापीठाने गल्लीतली हस्तपत्रके ग्रंथसंग्रहाच्या दर्जाने जपावीत, यात विचार करण्यासारखे आहे. ब्राँक्समधील कागद जन्मानंतर तीस-पस्तीस वर्षांत विद्यापीठात पोचले. 'सांगत्ये ऐका'च्या कागदांना साठ वर्षे उलटून गेली आहेत.

आता 'सही' या शब्दाचाच प्रथम विचार केला पाहिजे, कारण संग्राहकांच्या व्यवहारात तो किमान तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो आणि त्यांची गल्लत होते.

पहिली सही चित्रकाराची, आणि ती छापील असते. शिळाछापाच्या दगडावर किंवा मूळ चित्रावर चित्रकाराने कोपऱ्यात घातलेले नाव प्रत्येक प्रतीवर उमटते. या परंपरेचा उगम महाराष्ट्रातच, कोल्हापुरात, शोधावा लागतो. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे दिग्दर्शक होण्यापूर्वी चित्रकार होते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'कल्याण खजिना' या १९२४ च्या मूकपटाचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र भारतीय भित्तिपत्रकांत गणले जाते. आणि योगायोग असा की तमाशापटांच्या परंपरेच्या आरंभी उभ्या असलेल्या 'लोकशाहीर रामजोशी'चे दिग्दर्शनही त्यांच्याच हातचे. कोल्हापूरचेच जी. कांबळे यांनी पुढे 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'मुघल-ए-आझम' (१९६०) यांच्यासाठी भव्य फलक रंगविले. छत्रपती शिवाजी महाराजांचे त्यांनी केलेले चित्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले, पण चित्रपटाच्या फलकांवरील त्यांचे काम कापड जुने झाल्याबरोबर पुसले गेले. एम. एफ. हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगविले होते. छापील सहीची प्रत 'सहीची' म्हणून विकणे हा भाषेचा गैरवापर होय. ती सही कर्तृत्व सिद्ध करते, परंतु त्या विशिष्ट कागदाला चित्रकाराचा हात लागल्याचे सिद्ध करीत नाही.

दुसरी सही कलावंताची, शाईने, छपाईनंतर केलेली. सामान्यतः संग्राहकाला अभिप्रेत असते ती हीच. तिसरी सही व्यवहाराची. फडाच्या हस्तपत्रकाच्या पाठीमागे सुपारीची रक्कम, यात्रेची तिथी आणि फडमालकाची सही किंवा अंगठा, असा मजकूर लिहिण्याची सोय सहजच असे, कारण हाताशी असलेला कागद तोच. संग्राहक अशी प्रत 'मागे खरडलेली' म्हणून बाजूस सारतो. अभ्यासकाने नेमकी तीच उचलावी. तिच्यावर तिथी, गाव आणि माणूस तिन्ही एकत्र आलेले असतात. चाहत्यासाठी केलेल्या सहीत यांतले बहुधा काहीच नसते. अंगठ्याचा ठसा असेल तर तोही सहीइतकाच पुरावा मानला पाहिजे. ज्या पिढीतील अनेक कलावंतांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्यांच्या बाबतीत वळणदार देवनागरी सही दिसली तर ती शंकेचे कारण ठरू शकते, आणि अंगठा विश्वासाचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील व्यवहाराच्या कागदांवर मोडीतील सही आढळणे अगदी स्वाभाविक आहे. मोडी वाचता न आल्यामुळे असे कागद 'अवाचनीय' म्हणून नोंदले जातात ही शोचनीय गोष्ट होय.

सहीचा आणखी एक, कागदाच्या आधीचा, प्रकार लक्षात घेतल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. शाहीर आपल्या लावणीच्या अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. संतांच्या अभंगांतही ही नाममुद्रा असतेच. परंतु फडात तिला स्पर्धेचे तेज चढते. रामजोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव यांची नावे लोकांच्या ओठी राहिली ती ग्रंथांच्या मुखपृष्ठांमुळे नव्हे, तर प्रत्येक कवनाच्या शेवटी ती गाइली गेल्यामुळे. येथे कवी स्वतःविषयी तृतीय पुरुषात बोलतो. व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता बोलणारा असूनही क्रियापद 'म्हणतो', 'गातो' असे अन्यपुरुषी असते, आणि त्यामुळेच दुसऱ्याने ते कवन गाइले तरी मूळ कर्त्याचे नाव पुसले जात नाही. मौखिक परंपरेतील स्वामित्वहक्काची ही व्यवस्था होय. ब्राँक्समधील पद्यकारही आपल्या ओळींत आपले घेतलेले नाव असेच वारंवार उच्चारतात, आणि तेथील भिंतीवरचे नामलेखन तर निव्वळ नाममुद्राच आहे. भित्तिपत्रकावरील सही ही या जुन्या नाममुद्रेचे कागदी रूप आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. फरक इतकाच की नाममुद्रा कवनापासून सुटत नाही, आणि सही मात्र कोणत्याही कागदावर कोणीही करू शकतो.

नावांच्या घडणीत या कागदांची खरी श्रीमंती आहे. फडांच्या हस्तपत्रकांवर नाव बहुधा गावाने पुरे होते : नारायणगावकर, कवलापूरकर, ढवळपुरीकर, सातारकर, खेडकर, पुणेकर. 'कर' हा प्रत्यय येथे आडनाव बनविण्याचे काम करतोच, पण त्याहून अधिक काही करतो. सुपारी द्यायला आलेल्या परक्या गावच्या कारभाऱ्याला तो फडाचा पत्ता सांगतो. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' या फडनामात 'सह' हे संस्कृत अव्यय दोन नावे आणि दोन गावे एका सूत्रात बांधते. मराठीच्या बोलीत 'सह' एरवी कोणी उच्चारीत नाही. येथे मात्र ते खेड्यापाड्यांत सर्वांच्या तोंडी रुळले. भाऊ-बापूंच्या फडाच्या नावात तर जातीचा उल्लेख उघडपणे, अभिमानाने आला आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, संहिता तपासण्याची अट आली, आणि त्यानंतरच्या काळात फडाच्या नावापुढे 'लोकनाट्य' हा सभ्य शब्द अधिकाधिक दिसू लागला. पुढे 'लोकनाट्य तमाशा मंडळ' अशी जोडरचनाच रूढ झाली. नवा शब्द आला, पण जुना गेला नाही, कारण तो काढला असता तर प्रेक्षक आला नसता.

याच्याशी चित्रपटाच्या भित्तिपत्रकावरील नावे ताडून पाहावीत. हंसा वाडकर, जयश्री गडकर, लीला गांधी, संध्या, उषा चव्हाण. यांतील एकाही नावाला 'बाई' जोडलेले नाही. फडातील स्त्री मात्र विठाबाई, कांताबाई. दोघी पडद्यावर आणि बोर्डावर एकाच स्त्रीचे, तमासगिरिणीचे, जीवन उभे करीत होत्या; एकीला आदरार्थी म्हणून लागलेला प्रत्यय दुसरीने टाळला, कारण नागर व्यवहारात तोच प्रत्यय एका विशिष्ट वर्गाची खूण झाला होता. विठाबाईंच्या पुढच्या पिढीत मंगला बनसोडे, संध्या माने अशी नावे फलकांवर दिसतात, म्हणजे चित्रपटाची नामपद्धती फडात उतरलेली दिसते. हा बदल नेमका कोणत्या वर्षांत, कोणत्या फडांपासून झाला, हे सांगू शकेल असे साधन एकच : तारीख ठरविता येईल अशी हस्तपत्रके. पडद्यावरचे नाव आणि कागदोपत्रीचे नाव यांतील अंतरही ध्यानात ठेवावे. हंसा वाडकर यांचे जन्मनाव रतन साळगावकर. करारपत्रावरील सही आणि चाहत्याच्या कागदावरील सही यांत नावाचाच भेद असणे अशा वेळी संशयास्पद नसून अपेक्षित आहे.

वाक्यरचनेच्या दृष्टीनेही एक मौज दिसते. भित्तिपत्रकाची भाषा जवळजवळ क्रियापदहीन असते : विशेषणे, नामे, पदव्या, उद्गारचिन्हे. 'सुप्रसिद्ध', 'तुफान विनोदी', 'रौप्यमहोत्सवी' हे शब्द एकावर एक रचले जातात. परंतु तमाशापटांच्या शीर्षकांत क्रियापद ठसठशीतपणे येते, आणि 'ऐका' हे आज्ञार्थी अनेकवचन तर दोन प्रमुख चित्रपटांच्या नावांत आहे. पाहण्यासाठी छापलेला कागद लोकांना 'ऐका' म्हणतो. वगातील सवालाची ही लकब होय. ती चित्रपटाच्या नावात जशीच्या तशी आली. 'सांगत्ये' हे रूपही लक्षणीय आहे. जुन्या व्याकरणांत स्त्रीलिंगी कर्त्याच्या वर्तमानकाळी '-त्यें', '-त्ये' अशी रूपे दिलेली आहेत; आजच्या प्रमाण लेखनात ती '-ते'मध्ये विलीन झाली. चित्रपटाच्या व हंसा वाडकरांच्या आत्मचरित्राच्या नावामुळे हे रूप गोठून राहिले. अर्थात आज अनेकजण बोलताना व लिहिताना 'सांगते ऐका' असेच करतात. एखाद्या तथाकथित मूळ भित्तिपत्रकावर हे आधुनिक रूप आढळले तर कागदाकडे पुन्हा एकदा निरखून पाहावे.

येथून आपण कालनिर्णयाकडे येतो. भित्तिपत्रकावर वर्ष क्वचितच छापलेले असते, आणि चित्रपटाचे वर्ष हे कागदाचे वर्ष असेलच असे नाही. चालणारा चित्रपट पुन्हापुन्हा प्रदर्शित होई आणि दर वेळी नवे कागद निघत. 'पिंजरा' तर २०१६ मध्येही नव्या रूपात चित्रपटगृहांत आला. म्हणून 'सांगत्ये ऐका'चे भित्तिपत्रक म्हणजे १९५९ चे भित्तिपत्रक, हे समीकरण सोडून दिले पाहिजे.

सुदैवाने कागद स्वतःच बोलतो. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ असणे आवश्यक होते. ही बारीक ओळ तळाशी, बहुधा कडेला, असते. संग्राहक चौकटीत बसविताना तीच कापून टाकतात. त्या ओळीतील पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचा असू शकत नाही, कारण ती पद्धती त्या दिवशी सुरू झाली. 'यू/ए' हे प्रमाणपत्राचे चिन्ह असेल तर तो १९८३ पूर्वीचा नव्हे. चित्रपटगृहाच्या वा तंबूच्या हस्तपत्रकांवर दर छापलेले असत, आणि तेथे नाण्यांचा इतिहास उपयोगी पडतो. दशमान पद्धती १ एप्रिल १९५७ रोजी आली. १ जून १९६४ पर्यंत नव्या नाण्यास 'नया पैसा' म्हणत, त्यानंतर नुसता 'पैसा'. आण्यांतले दर १९५७ नंतरही काही काळ तोंडी आणि छपाईतही टिकून राहिले, म्हणून एकट्या 'आणे' या शब्दावरून फारसे ठरत नाही. परंतु 'न. पै.' असा संक्षेप आढळला की कागद त्या सात वर्षांच्या आसपासचा मानण्यास हरकत नाही. असा निर्णायक शब्द दुसरा सापडणे कठीण.

लेखननियमांचा पुरावा याहून नाजूक आहे, आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा मोह नेमका याच ठिकाणी आवरला पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'घरें' यांतील अनुच्चारित अनुस्वार अधिकृतपणे गेले. १९७२ मध्ये आणखी नियमांची भर पडली. यावरून अनुस्वार असलेला कागद १९६२ पूर्वीचा आणि नसलेला नंतरचा, असा सोपा निष्कर्ष काढावासा वाटतो. तो टिकत नाही. छापखान्यातील जुळारी आपल्या हाताच्या सवयीने जुने लेखन पुढेही करीत राहिला. उलट भित्तिपत्रकावरची मोठी अक्षरे खिळ्यांनी जुळविलेली नसून चित्रकाराने कुंचल्याने काढलेली असत, आणि कुंचल्याला शिरोरेषेवरचे टिंब नेहमीच अडचणीचे. ते १९६२ पूर्वीही गळे. तेव्हा एकाच कागदावर कुंचल्याची अक्षरे आणि खिळ्यांची अक्षरे स्वतंत्रपणे तपासावीत, आणि लेखनाचा पुरावा मुद्रकाच्या ओळीला पूरक म्हणून घ्यावा, स्वयंपूर्ण म्हणून घेऊ नये.

सहीची पारख करताना शाई आणि घडी यांचे नाते सर्वांत बोलके असते. भित्तिपत्रके घड्या घालून टपालाने वा रेल्वेने चित्रपटगृहांकडे पाठविली जात. त्यामुळे जुन्या प्रतींवर घडीच्या रेषा असतातच. घडीवर कागदाचे तंतू मोडलेले असतात. सही घडीनंतर केली असेल तर पातळ शाई त्या मोडलेल्या तंतूंत पसरते, किंवा लेखणीचे टोक तेथे अडखळते. सही आधीची असेल तर घडीबरोबर शाईही तुटलेली दिसते. घडीनंतरची सही म्हणजे खोटी सही असे नव्हे. परंतु ती प्रत 'प्रदर्शनाच्या दिवशी सही केलेली' म्हणून सांगितली जात असेल तर त्या कथेचा पुनर्विचार करावा लागतो. तंतूंच्या टोकाची लेखणी जपानात १९६२ च्या सुमारास सिद्ध झाली आणि आपल्याकडे सर्रास वापरात आली ती नंतर. १९५९ च्या समारंभातील म्हणून दाखविलेली जाड, एकसारख्या रुंदीची काळी सही या एका गोष्टीवर बाद ठरते. टाकाची किंवा झरणीची रेघ दाबाप्रमाणे जाड-बारीक होते. वृद्धापकाळी एखाद्या कलावंताने जुन्या कागदावर केलेली सही अस्सल असते, आणि तिचेही मूल्य आहे. नोंदीत 'नंतर केलेली' असे दोन शब्द लिहिले की भागते.

कागद कोठून मिळाला, ही नोंद तर सहीहूनही मोलाची. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी, मुंबईच्या चोरबाजारात, अथवा एखाद्या तालुक्याच्या रद्दीच्या दुकानात मिळालेला कागद आपले गाव हरवून बसलेला असतो. गावाचे नाव असले तरी ते पुरेसे नसते, आणि याचे उत्तम उदाहरण स्वतः कळंब हेच आहे. संस्कृत 'कदम्ब', प्राकृत 'कलंब', मराठी 'कळंब' : कदंब वृक्षावरून पडलेले हे नाव महाराष्ट्रात एकाहून अधिक ठिकाणी आहे. धाराशिव जिल्ह्यात कळंब नावाचा तालुका आहे, यवतमाळ जिल्ह्यातही आहे, आणि आंबेगाव तालुक्यातील कळंब हे त्यांहून निराळे. 'कळंब यात्रा' एवढेच लिहिलेले हस्तपत्रक किंवा 'कळंबकर' एवढीच सही यांवरून ते मराठवाड्याचे की वऱ्हाडचे की घोड नदीच्या खोऱ्यातले, हे सांगता येत नाही. नोंद करणाराने 'मु. पो. कळंब, ता. आंबेगाव, जि. पुणे' असा टपाली पत्ता पुरा लिहावा. जेथे कागदावर तालुका नाही तेथे देणाऱ्याला विचारून घ्यावा आणि तो कागदावरचा नसून सांगितलेला आहे, हेही लिहावे. यात्रेची तिथी असेल तर काम आणखी सोपे होते. प्रत्येक गावची यात्रा आपल्या ठरलेल्या तिथीला भरते आणि शेजारच्या गावांची तिथी सहसा तीच नसते.

जतनाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. हा कागद स्वस्त लाकडी लगद्याचा, आम्लयुक्त. तो पिवळा पडून ठिसूळ होणारच. खळीत पिठाचा अंश असल्याने कसर लागते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे आणि सबंध कागद प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात बंद करणे हे दोन उपाय सर्वाधिक केले जातात आणि दोन्ही घातक आहेत, कारण ते परत उलगडता येत नाहीत. सुती कापडावर पिष्टमय खळीने कागद चढविण्याची पद्धत जुनी आणि सुरक्षित; परंतु सहीची शाई पाण्यात विरघळणारी असेल तर ओला उपचार करण्यापूर्वी कोपऱ्यातील एका बिंदूवर चाचणी घ्यावी. पाठीमागे व्यवहाराचा मजकूर असेल तर कापडावर चढवूच नये. अन्यथा पुरावा जपण्याच्या खटपटीत पुरावाच झाकला जातो.

पुण्यातच १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी चित्रफितींबरोबरच भित्तिपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका व हस्तपत्रके गोळा करण्याचा आग्रह धरला. त्या दूरदृष्टीचे महत्त्व आज कळते. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले; त्यांतील फारच थोडे उरले आहेत, आणि बाकीच्यांविषयी जे काही सांगता येते ते बहुतांशी कागदाच्या आधारे. २००३ मध्ये पुण्यातील आगीत प्रभातच्या मूळ नायट्रेट चित्रफिती नष्ट झाल्या, तेव्हाही कागद मागे राहिला. संग्रहालय आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे. परंतु त्याचे क्षेत्र चित्रपटाचे. फडाचे हस्तपत्रक त्या क्षेत्रात बसत नाही. वाङ्मयाच्या ग्रंथालयात ते 'जाहिरात' म्हणून नाकारले जाते आणि लोककलेच्या अभ्यासात लक्ष ध्वनिमुद्रणाकडे व संहितेकडे जाते. परिणामी तमाशापटाचे भित्तिपत्रक कोठे तरी सापडेल, पण ज्या फडाचे अनुकरण त्या चित्रपटाने केले त्याचा कागद सापडणार नाही, अशी उलटी स्थिती ओढवली आहे.

हा कागद आजही छापला जातो. शिळाछाप जाऊन ऑफसेट आले, भिंतीवर कागदाऐवजी फ्लेक्सचे कापड आले, आणि फलकावर नर्तिकांची छायाचित्रे वाढून वगाचे नाव लहान झाले. तरी नारायणगावच्या राहुट्यांतून दर हंगामात नवी पत्रके निघतात आणि यात्रा संपली की पावसाळ्यापूर्वी नाहीशी होतात. ती गोळा करण्यास पैसा लागत नाही, फक्त माघ-फाल्गुनात तेथे जावे लागते. प्रत्येक राहुटीतून दोन प्रती घ्याव्यात. एकीच्या पाठीवर फडमालकाकडून तिथी, फडातील माणसांची संख्या आणि सर्व कलावंतांची नावे, ज्याने त्याने स्वतःच्या हाताने, लिहून घ्यावीत. ज्याला लिहिता येत नसेल त्याचे नाव दुसऱ्याने लिहून पुढे त्याचा अंगठा घ्यावा. दुसरी प्रत कोरी ठेवावी.